घुणाक्षरं

केर काढताना टेबलाच्या पायाशी पिठाचा एक चिमुकला ढीग दिसला. फिकट पिवळा, इतका बारीक की बोटावर घेतला तर बोटाच्या रेषांत जाऊन बसला. झाडूच्या एका फटकाऱ्यात तो गेला आणि मी विसरले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेवढाच ढीग, कोणीतरी चिमटीने मोजून ठेवल्यासारखा. मग मी खाली बसले, चष्मा वर सारून टेबलाचा पाय जवळून पाहिला. आतल्या बाजूला, जिथे कधी फडकं पोचलं नव्हतं तिथे, टाचणीच्या डोक्याएवढी चार गोल भोकं होती. इतकी नेटकी की गिरमिटाने पाडल्यासारखी. हे टेबल बाबांचं. त्यांच्यामागे ते माझ्याकडे आलं, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यावरच बसून लिहिते. वरून त्याला काहीच झालेलं नव्हतं. पॉलिश थोडं उडालेलं, कोपरे गुळगुळीत झालेले, बस्स.

सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी आधी काही पाहिलंच नाही, बोटाची पेरं वाकवून टेबलावर टकटक केली. वरच्या फळीवर आवाज खणखणीत आला. पायावर आला तेव्हा तो बद्द झाला. त्यांनी मान हलवली. ‘भुंगा लागलाय, ताई.’ मी म्हटलं, चारच भोकं आहेत. त्यावर ते हसले. ‘ही भोकं आत जायची नाहीत. बाहेर यायची. आत राहून खाऊन झालं की हे भोक पाडून निघून जातो. तुम्हाला दिसतं तोवर त्याचं काम झालेलं असतं.’

हे वाक्य माझ्या डोक्यात शिरलं, आणि त्याने बाहेर पडायला भोक काही पाडलं नाही.

त्या रात्री मी टेबलावर कान ठेवून बसले. लहानपणी विजेच्या खांबाला कान लावायचो तसा. ऐकू आलं की नाही हे खात्रीने सांगता येणार नाही. मधूनच काहीतरी खरवडल्यासारखं वाटायचं, पण माझ्याच कानातलं रक्तही असेल. शाळेत संस्कृतच्या बाईंनी ‘घुणाक्षरन्याय’ शिकवला होता. लाकूड पोखरता पोखरता किड्याच्या वाटेचं चुकून एखादं अक्षर होतं. किड्याला अक्षर ठाऊक नसतं, वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी लिहिलं. तेव्हा मला त्या किड्याची दया आली होती. एवढी मेहनत, आणि आपण काय लिहिलं याचा पत्ता नाही. टेबलावर कान ठेवून असताना दया मात्र अजिबात आली नाही.

लाकडाच्या किड्यांविषयी वाचायला बसले आणि, माझं नेहमी होतं तसं, भलतीकडेच गेले. पाण्यात. जहाजांचं वेड मला लहानपणापासून. वहीच्या शेवटच्या पानावर तीन डोलकाठ्यांचं जहाज, फुगलेली शिडं, खाली नागमोडी लाटा, हे चित्र मी शेकडो वेळा काढलं असेल. आणि ते बुडायचं ते नेहमी वादळात. वीज चमकायची, डोलकाठी मोडायची, फार तर तोफेचा गोळा लागायचा. खडकावर आपटलेलं जहाजही काढलं आहे. पण उन्हात, शांत बंदरात, नांगर टाकून उभं असलेलं जहाज आतल्या आत खाऊन संपतंय, असं चित्र मी कधी काढलं नाही. कोणीच काढत नाही. काढायचं तरी काय? बाहेरून ते जहाज अगदी ठीक दिसतं.

टेरेडो म्हणतात त्याला. जहाजाचा किडा हे त्याचं बोलीतलं नाव, पण तो किडा नाहीच. शिंपल्याचा भाऊबंद आहे. शिंपल्याला अंगभर कवच असतं, याने ते आखडत आखडत तोंडाशी आणून ठेवलंय. दोन छोटे शिंपे, कडांना कानसासारखे दाते, आणि मागे लांबच लांब, पांढुरकं, मऊ, गांडुळासारखं अंग. पिल्लू असताना तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढा असतो, पाण्यात तरंगत असतो. लाकूड मिळालं की चिकटतो, शिंपे पुढे-मागे घासत आत शिरतो, आणि मग तिथेच वाढतो. जसजसा वाढेल तसतसा बोगदा लांब आणि रुंद. त्यामुळे आत शिरला तेव्हाचं भोक टाचणीएवढं, आणि आत तोच प्राणी बोटाएवढा जाड, वीतभर किंवा त्याहून लांब. ज्या दारातून आला त्यातून तो पुन्हा कधीच बाहेर पडू शकत नाही. माझ्या टेबलातलं भोक निघून जाण्याचं होतं. जहाजाच्या तळातलं भोक आयुष्यभर आत राहायचं ठरवल्याचं.

त्या दाराशी तो शेपटाकडच्या दोन बारीक नळ्या ठेवतो, पाणी आत-बाहेर करायला. संकट आलं, जहाज पाण्याबाहेर काढलं, की नळ्या आत ओढून दोन फळकुटांनी दार लावून घेतो आणि आत काही आठवडे दम धरून राहतो. बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा करतो, पांढरा, गुळगुळीत. लाकूड पचवायला कल्ल्यांमध्ये पाळलेल्या जीवाणूंची मदत घेतो. आणि मला सगळ्यात विचित्र वाटली ती गोष्ट म्हणजे, एका फळीत हे शेकडोंनी असले तरी सहसा एकाचा बोगदा दुसऱ्याच्या बोगद्याला छेदत नाही. जवळ आला की वळतो. शेजारधर्म पाळतात. शेवटी फळीत लाकूड उरतं ते फक्त दोन घरांमधल्या भिंतींपुरतं, कागदाएवढं. वरून फळी फळीसारखीच.

कोलंबसाच्या चौथ्या सफरीची गोष्ट सांगताना सगळे चंद्रग्रहणाची गोष्ट सांगतात. त्याने कसं ग्रहण आधीच ‘वर्तवून’ जमैकाच्या लोकांना घाबरवलं वगैरे. पण तो तिथे अडकून का पडला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. मे १५०२मध्ये चार जहाजं घेऊन तो निघाला. मध्य अमेरिकेच्या उबदार किनाऱ्याला, नद्यांच्या मुखांशी, त्या जहाजांना टेरेडो लागला. एक जहाज तिथेच सोडलं, मग दुसरं. उरलेल्या दोनांविषयी त्याने लिहून ठेवलंय की ती मधाच्या पोळ्यासारखी झाली होती. पंप चालू, हंडे-भांडी घेऊन सगळे पाणी उपसताहेत, तरी पाणी चढतंच आहे. २५ जून १५०३ला त्याने ती दोन्ही जमैकाच्या किनाऱ्यावर वाळूत घुसवली, एकमेकांना बांधली, आणि शंभराहून जास्त माणसं त्या अर्ध्या बुडालेल्या सांगाड्यांच्या वरच्या मजल्यावर वर्षभर राहिली. दोघांच्या पुढाकाराने काही माणसं डोंग्यांतून मदत आणायला गेली म्हणून बाकीचे वाचले. मी त्या वर्षाचा विचार करते. रात्री सगळे निजल्यावर पायाखालच्या फळ्यांमधून त्यांना काही ऐकू येत असेल का? वादळाला निदान शिव्या तरी देता येतात.

मग माणसांनी काय काय केलं, ते वाचण्यात माझे दोन आठवडे गेले. टेबल बाजूलाच राहिलं. कोणी भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्याला चढवायचं, ओहोटीला ते एका कुशीवर कललं की तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले जाळायचे, खरवडायचे, डांबर फासायचं, मग दुसऱ्या कुशीवर वळवून पुन्हा तेच. कोणी जहाज नदीत आत नेऊन उभं करायचं, कारण गोड्या पाण्यात टेरेडो मरतो. चीनच्या जहाजांना दुरुस्तीच्या वेळी जुन्या फळ्यांवरच नव्या फळ्यांचा थर ठोकत, असे सहा थर होईपर्यंत, असं मार्को पोलो सांगतो. म्हणजे किड्याला सांगायचं, हे घे, हे खा, आतलं सोड. इंग्रजांनीही हेच केलं, फक्त मूळ फळी आणि वरची पातळ फळी यांच्यामध्ये डांबरात बुडवलेले जनावरांचे केस भरले. सायप्रसजवळ सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या एका व्यापारी गलबताच्या तळाला शिशाचा पत्रा मारलेला होता. ते गलबत बुडालं तेव्हा चांगलंच म्हातारं झालं होतं, अंगावर पुन्हा पुन्हा केलेल्या दुरुस्त्या होत्या. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी टाकून न देता ते ठिगळ लावून वापरत होतं. कोण होता तो मालक, त्याच्याशी माझं जमलं असतं.

आणि मग तांबं. तांब्याची गोष्ट मला इतकी आवडली की घरात जो भेटेल त्याला मी ती सांगितली, कोणाला फारसा रस नव्हता तरी. १७६१मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले आणि तिला वेस्ट इंडीजच्या किडकरी पाण्यात पाठवून दिलं. परत आली तेव्हा टेरेडोचं नाव नव्हतं, शेवाळही नाही. पण पत्रे जागोजागी निखळून पडले होते. ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळेच खाल्ले गेले होते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि लोखंड विरघळतं, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तपासणाऱ्यांना एक मात्र दिसलं. काही ठिकाणचे खिळे धडधाकट होते. तिथे पाहिलं तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद कारागिरांनी काढलाच नव्हता. कागदासकट ठोकून टाकला होता. आळसाने म्हणा, घाईने म्हणा. त्या कामचुकारपणाने लोखंड आणि तांबं एकमेकांपासून दूर राहिलं आणि एक अख्खं शास्त्र उजेडात यायची सुरुवात झाली. घुणाक्षरच हे. तरीही १७७९नंतर अख्ख्या आरमाराला तांबं मारलं, तेव्हा लोखंडी बोल्टांचा प्रश्न पुन्हा नडलाच. मग ते बोल्टही तांब्याच्या मिश्रधातूचे करावे लागले.

याच्या पुढचा भाग तर आणखी विलक्षण. पत्रा खाऱ्या पाण्यात झिजतो, दर काही वर्षांनी बदलावा लागतो, खर्च फार. म्हणून १८२४च्या सुमाराला हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला विचारलं. त्याने विचार केला आणि तांब्याला जस्ताचे नि लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. आता विरघळायचं ते त्या तुकड्यांनी, तांबं शाबूत. प्रयोगशाळेत अगदी बरोबर चाललं. जहाजावर लावलं, तिथेही तांबं शाबूत राहिलं. आणि त्या शाबूत तांब्यावर शेवाळाची आणि शिंपल्यांची अशी दाट लव उगवली की जहाज पुढे सरकेना. कारण तांबं वाचवत होतं तेच मुळी विरघळून. कणाकणाने पाण्यात जायचं, त्या विषाने किडा दूर राहायचा. ते झिजायचं थांबलं, तसं त्याचं काम थांबलं.

हे वाचलं त्या दिवशी मी उठून उगाचच घरभर फिरले.

डचांची गोष्ट थोडक्यात सांगते. १७३०च्या सुमाराला त्यांच्या समुद्रालगतच्या बांधांची लाकडं मोडायला लागली, पाहतात तर आत टेरेडो. अख्खा देश ज्यांच्या आधाराने पाण्याखाली जायचा राहिलेला, ते बांध आतून पोकळ. धर्मोपदेशकांनी हा देवाचा कोप ठरवला, पाप्यांचा शोध सुरू झाला, आणि शेवटी परदेशातून दगड आणून बांध झाकावे लागले. देवाचा कोप दगडाने थांबला हे कोणी मोठ्याने बोललं नसावं. उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने गोदीतल्या लाकडात टेरेडोचं काम पाहिलं: पुढे शिंप्यांच्या आडोशाने खोदतो, मागे चुन्याने भिंत लिंपत जातो. त्यावरून त्याने बोगदा खणायची लोखंडी चौकट बनवली आणि लंडनमध्ये थेम्स नदीच्या खालून बोगदा काढला. १८४३ला तो उघडला. माणसाने किड्याकडून काही शिकून घेतलं त्याची नोंद निदान इथे आहे.

पण मला खरं गुंतवून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. जुन्या जहाजांचे फोटो पाहत होते. संग्रहालयांतली, आभाळाएवढ्या दालनांत उभी असलेली जहाजं. पाहता पाहता लक्षात आलं की ही सगळी एकाच बाजूची आहेत. थंड प्रदेशातली. नॉर्वेतल्या मातीच्या ढिगाऱ्याखाली पुरलेली व्हायकिंग जहाजं. इंग्लंडची युद्धनौका ‘मेरी रोझ’, १५४५मध्ये बुडालेली, १९८२मध्ये वर काढली; तिची जी बाजू चिखलात रुतली होती तेवढी आहे, उघडी राहिली ती समुद्राने खाल्ली. उभं चिरलेलं घर दिसावं तसं अर्धं जहाज उभं आहे. काळ्या समुद्राच्या तळाशी, दोन किलोमीटरहून खोल, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचं एक ग्रीक जहाज २०१८मध्ये जाहीर झालं. डोलकाठी अजून ताठ, वल्हेकऱ्यांची बाकं जागच्या जागी. त्या पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून खाणाराही नाही. अंटार्क्टिकाजवळ १९१५मध्ये बर्फाने चिरडलेलं, ध्रुवप्रवासी शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ २०२२मध्ये तीन हजार मीटर खोल सापडलं, मागच्या बाजूला नावाची अक्षरं वाचता येतात इतकं स्वच्छ. तिथल्या पाण्यात लाकूड खाणारा जीव नाही.

आणि ज्या समुद्रांवर सगळ्यात जास्त गजबज होती? मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर जिथे शेकडो वर्षं गलबतं आफ्रिकेपासून चीनपर्यंत जात-येत होती, ते उबदार, उथळ, जिवंत समुद्र? तिथलं लाकूड जवळजवळ नाहीच. काथ्याने शिवलेली, खिळा नसलेली ती गलबतं कशी होती हे बहुतेक प्रवाशांच्या वर्णनांतून, चित्रांतून कळतं. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८मध्ये नवव्या शतकातलं असं एक शिवलेलं गलबत मिळालं, ते चीनमधली साठ हजारांच्या आसपास मातीची भांडी घेऊन चाललं होतं. त्या भांड्यांच्या आणि गाळाच्या खाली दबलेलं लाकूड तेवढं वाचलं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापाशी उलुबुरुनला ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातलं जहाज सापडलं, दहा टन तांब्याच्या लाद्या लादलेलं. त्याचंही तेच, लाद्यांखालचा तुकडाच शिल्लक. म्हणजे माल आहे, आणि ज्याने तो वाहिला ते नाही. आपण ज्याला नौकानयनाचा इतिहास म्हणतो त्यातल्या लाकडाच्या भागावर आधी टेरेडोने हात फिरवलाय. त्याने जे सोडलं ते आपण वाचतो, आणि एखाद्या किनाऱ्यावर काही सापडलं नाही की तिथे काही नव्हतंच असं पटकन समजून चालतो.

या सगळ्यात ‘वासा’ नावाच्या युद्धनौकेचा फोटो माझ्या पडद्यावर बरेच दिवस उघडा होता. स्वीडनच्या राजाने मोठ्या हौसेने बांधून घेतलेली, ६४ तोफांची, अंगभर कोरीव सिंह आणि योद्धे. १० ऑगस्ट १६२८ला ती पहिल्यांदा निघाली. जेमतेम तेराशे मीटर गेली, वाऱ्याची एक झुळूक आली, ती कलली, तोफांसाठी उघडलेल्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि बंदरातच, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारं की टेरेडो तिथे जगत नाही. अँडर्स फ्रान्सेन नावाच्या माणसाला हे माहीत होतं, आणि इथे बुडालेली जहाजं शाबूत असणार असा हिशेब करून तो ती शोधत बसला. १९५६मध्ये ती त्याला सापडली, १९६१मध्ये वर आली. सतरा वर्षं तिच्यावर औषधी द्रावणाचा फवारा मारत होते. सतराव्या शतकातलं, पाण्याबाहेर काढलेलं इतकं अख्खं जहाज जगात दुसरं नाही.

म्हणजे जे जहाज अर्धा तासही चाललं नसेल, ते आहे. आणि जी पंचवीस पंचवीस वर्षं माल वाहत होती, माणसं वाहत होती, दर पावसाळ्यानंतर खरवडून, डांबरून पुन्हा निघत होती, त्यांची एक फळी नाही.

मला याचा राग आला. खोटं कशाला बोलू, त्या देखण्या, निरुपयोगी जहाजाचा मला खरोखर राग आला. मग जरा अपवाद शोधले, कारण असा एकतर्फी राग टिकवायचा तर अपवाद तपासावे लागतात. सायप्रसचं ते ठिगळवालं गलबत एक. दुसरं मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७मध्ये सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’, ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. सागवानातल्या तेलामुळे ते सहज कुजत नाही, लोखंडाच्या खिळ्यांशीही त्याचं भांडण होत नाही; ओकचं होतं. वाचून बरं वाटलं. पण पुढे वाचलं तर इंग्लंडला पोचल्यावर त्यालाही जवळजवळ पाव शतक राखीव म्हणून नुसतं उभं करून ठेवलं होतं. जाऊ दे.

बाबांच्या टेबलाला तीन खण आहेत. सुतारकाकांनी ते रिकामे करायला सांगितले म्हणून मी कितीतरी वर्षांनी ते पूर्ण बाहेर काढले. आत काय होतं? कोऱ्या डायऱ्या. कोणी कोणी नववर्षाला दिलेल्या, चांगल्या बांधणीच्या, ‘उगाच कशाला खराब करायची’ म्हणून जपलेल्या. मखमली डबीतलं एक पेन, ज्याची शाई कधी भरलीच नाही. पाकीट, अजून आतल्या कागदाच्या गोळ्यासकट. हे सगळं नव्यासारखं. आणि ज्या पेनाने ते रोज लिहायचे, ज्याची क्लिप तुटलेली होती आणि टोपण रबर लावून बसवलेलं होतं, ते कुठे आहे? ज्या वह्यांत महिन्याचा हिशेब ओढायचे त्या वह्या? भरली की रद्दीत. स्वतःच द्यायचे. त्यांचा तो राखाडी स्वेटर कोपरांवर विरून विरून शेवटी फडकं झाला. म्हणजे माझ्याकडे बाबांचं जे आहे ते सगळं त्यांनी न वापरलेलं आहे. कोणी ते खण पाहून बाबांविषयी अंदाज करायला बसला तर त्याला दिसेल एक माणूस ज्याला मखमली डब्या आवडत होत्या आणि जो कधी काही लिहीत नव्हता.

वापरलेलं म्हणून एक हे टेबल. आणि ते खाल्लं जातंय.

सुतारकाका दोन दिवसांनी आले. बारीक सुईच्या सिरिंजने भोकाभोकांत औषध सोडलं, वरून मेण भरलं. खोलीत रॉकेलसारखा उग्र वास राहिला, डोकं धरलं. मी विचारलं, टेबल वापरू ना? पाय बदलून टाकू असं ते म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘वापरा की. वापरतं लाकूड बरं. झाडलं जातं, हललं जातं, आपल्याला कळतं.’ मग म्हणाले, पायांखाली काळा कागद पसरून ठेवा. काही पडलं तर लगेच दिसेल, मग पुन्हा औषध मारू. त्यांना टेरेडोची गोष्ट सांगायची मला फार इच्छा झाली, म्हणून तांब्याच्या पत्र्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तो कागद किती जाडीचा होता?’ इतक्या लोकांना मी ती गोष्ट सांगितली, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

खण बाहेर असल्यामुळे टेबल खिडकीजवळ ओढलं होतं. संध्याकाळचं तिरकं ऊन वरच्या फळीवर आलं तेव्हा मला त्यावर काही उमटलेलं दिसलं. आधी वाटलं ओरखडे आहेत. मग डोकं फळीच्या पातळीला आणून पाहिलं. आकडे होते. बाबा बॉलपेन दाबून लिहायचे, खाली पॅड घ्यायचे नाहीत, सुट्या कागदावरच बेरजा करायचे. वर्षानुवर्षांच्या बेरजा एकावर एक उमटल्या होत्या. एखादा सात ओळखू येत होता, त्यांचा सात वर आडवा फाटा असलेला. एक चार. बाकी सगळी गिचमिड, कशाखाली काय मिळवलं, उत्तर काय आलं, काही लागत नव्हतं. ऊन सरकलं तशी ती फळी पुन्हा साधी झाली. माझीही अक्षरं त्यात असतील, कारण मीही पॅड घेत नाही.

काळा कागद अंथरून आज आठ दिवस झाले. पहिले सात दिवस कोरा होता. आज सकाळी वाकून पाहिलं तर डाव्या पायाजवळ फिकट पिवळे सहा-सात कण होते. सुतारकाकांना फोन केला. त्यांनी विचारलं, पडलं का काही? मी म्हटलं, पडलंय, पण काल रात्री मी इथेच बसून पेन्सिलीला टोक काढलं होतं.